आधी वेळापत्रक, मग करार: शिकाऊ उमेदवारीच्या पदवीबद्दल विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
कुलगुरू, विद्या परिषदांचे सदस्य आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे संचालक,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारीसह (अप्रेंटिसशिपसह) पदवीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे विद्यार्थ्याने एखाद्या आस्थापनेत काम करायचे, त्याचे विद्यावेतन घ्यायचे आणि त्या कामाचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरायचे, अशी ही रचना आहे. तेव्हापासून महाविद्यालये आणि कंपन्यांच्या सामंजस्य करारांचे फोटो नियमाने छापून येतात. फोटोत प्राचार्य असतात, एचआरचे साहेब असतात, शाल-श्रीफळ असते. त्या करारात वेळापत्रक मात्र बहुतेक वेळा नसते, आणि पुढे जे काही बिघडते ते तिथूनच.

आम्ही महाविद्यालयांतले समन्वयक आणि कंपन्यांतले प्रशिक्षण अधिकारी आहोत. पैसे कमी आहेत, कायदा जुना आहे, मुलांना शिस्त नाही, ही कारणे आम्हीही ऐकतो. ती खोटी नाहीत, पण दुय्यम आहेत. सत्राची आखणी करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र मंत्रालयाला किंवा उद्योगांना न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

सुरुवात गणिताने करू. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षाचे अध्ययन म्हणजे १,२०० तास आणि ४० श्रेयांक. सत्राला २० श्रेयांक, ६०० तास. आता कंपनीची बाजू पाहा. दिवसाला ८ तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ४८ तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर १,२४८ तास. विद्यार्थी देतो १,२४८ तास, आणि त्याच्या श्रेयांक खात्यात जमा होतात ६०० तासांचे २० श्रेयांक. उरलेल्या ६४८ तासांचा हिशेब कोणत्याही कागदावर नसतो. त्यातच महाविद्यालय त्या सत्रात आणखी दोन-तीन लेखी विषय 'ऑनलाइन' म्हणून लावते आणि त्यांचा तास रात्री आठला ठेवते. सकाळी सहाची बस पकडून गेलेली मुलगी रात्री आठला मोबाइल उघडते, कॅमेरा बंद ठेवते आणि झोपी जाते. हजेरी लागते, शिकणे होत नाही.

हे विषय का घुसवले जातात, तेही स्पष्ट बोलू. वर्ग रिकामा झाला की प्राध्यापकांचा कार्यभार कागदावर घटतो आणि कार्यभार घटला की पदावर गदा येते. या भीतीपोटी विभाग सत्र मोकळे सोडायला तयार होत नाही. विद्यापीठाने शिकाऊ उमेदवारांवरची देखरेख कार्यभारात धरली तर हे दुखणे बरेचसे मिटेल. आमचा अंदाज असा: एका शिक्षकाकडे २० विद्यार्थी, प्रत्येकाच्या जागी सत्रात दोन प्रत्यक्ष भेटी, महिन्यातून एकदा त्याच्या कामाच्या नोंदवहीची तपासणी. याला आठवड्याचे चार तास सहज लागतात. तसे परिपत्रक निघाले पाहिजे.

वेळापत्रकाचे दोनच नमुने चालतात असे आम्हाला दिसते. पहिला: चार दिवस कंपनी, दोन दिवस महाविद्यालय. आठवड्याला ३२ तास धरले तर ६०० तास १९ आठवड्यांत पुरे होतात. २६ आठवड्यांच्या करारात सात आठवडे हाताशी राहतात. सण, आजारपण, परीक्षा आणि राहिलेले काम त्यात बसते. लेखा विभाग, प्रयोगशाळा, सॉफ्टवेअर, दुकान, ग्रंथालय अशा ठिकाणी हा नमुना बरा. महाविद्यालयाचे दोन दिवस मात्र सलग आणि कायमचे ठरलेले हवेत. या आठवड्यात मंगळवार, पुढच्या आठवड्यात शुक्रवार, असे केले की सुपरवायझर त्या मुलावर कोणतेच काम टाकत नाही. त्याला फायली लावायला बसवतो.

दुसरा नमुना: संपूर्ण सत्र कंपनीत, एकही लेखी विषय नाही. असेंब्ली लाइन, रुग्णालय, हॉटेलचे स्वयंपाकघर इथे जागा दोन दिवस रिकामी ठेवता येत नाही, म्हणून इथे हाच नमुना लागतो. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या द्वैत विद्यापीठात साधारण तीन-तीन महिन्यांची पाळी असते. तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, आणि एकाच्या पाळीत दुसरा हात घालत नाही. आपल्याकडे सत्राची पाळी करता येईल. वर्गाच्या दोन तुकड्या करा. पाचव्या सत्रात पहिली तुकडी कंपनीत, दुसरी वर्गात. सहाव्या सत्रात अदलाबदल. कंपनीची जागा वर्षभर भरलेली राहते आणि प्राध्यापकांना दोन्ही सत्रांत शिकवायला मुले असतात. यासाठी पाचव्या आणि सहाव्या सत्राचे विषय एकमेकांवर अवलंबून नसावेत, एवढी एकच गोष्ट अभ्यास मंडळाला पाहावी लागेल.

आता दिनदर्शिका. प्रत्येक धंद्याचा हंगाम असतो आणि तो विद्यापीठाला विचारून येत नाही.

वाणिज्य शाखेचे घ्या. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या कोणत्याही लेखा कार्यालयाचा महिना ठरलेला असतो: ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे कापून घेतलेल्या कराचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि ईएसआयसीचा भरणा, २० ला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र. विद्यार्थ्याला शिकायचे असेल ते याच वीस दिवसांत. महाविद्यालयाने अंतर्गत चाचणी १० तारखेला ठेवली तर त्याचे एक पूर्ण आवर्तन बुडते आणि तो पुढचा महिनाभर 'काल काय झालं' हेच विचारत राहतो. चाचण्या, सेमिनार, तोंडी परीक्षा २१ तारखेनंतर ठेवा. खर्च शून्य. वर्षअखेरचे काम मोठे, ते ३१ मार्चच्या आगेमागे. आणि आपल्या उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास. बी.कॉम.चा विद्यार्थी वर्षभर लेखा विभागात बसला आणि ताळेबंद जुळवताना परीक्षेच्या रजेवर गेला, तर त्याने लग्नाची सगळी खरेदी केली आणि अक्षतांच्या वेळी तो घरी होता असे झाले.

किरकोळ विक्रीत उलटे. दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे दुकानाचे खरे विद्यापीठ: साठा, परतावा, गर्दी, बिलिंग, चोरी, सगळे तेव्हाच दिसते. आणि आपली हिवाळी सत्र परीक्षा नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.चे विद्यार्थी पाठवायचे असतील तर गाळप सुरू असताना, म्हणजे दिवाळीनंतर. जूनमध्ये पाठवलेल्या मुलाला खोललेले पंप आणि रंगकाम दिसेल. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचे प्रमाण) मोजायला रसच नसेल. कोकणात आणि गोव्यात हॉटेलांचा हंगाम नाताळात भरात असतो, पावसाळ्यात ओसरतो. म्हणून सर्व शाखांना 'शिकाऊ उमेदवारी फक्त सहाव्या सत्रात' असा एकच नियम लावू नका. कोणत्या सत्रात पाठवायचे हे प्रत्येक अभ्यास मंडळाला ठरवू द्या.

परीक्षेचा प्रश्न यालाच चिकटलेला आहे. शिकाऊ उमेदवारीच्या सत्रातले श्रेयांक लेखी परीक्षेने मोजू नयेत. आणि ज्यांचे मागचे विषय राहिले आहेत त्यांचे काय? एटीकेटीच्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी सहा-सात दिवस लागतात, तेही पंधरा दिवसांत विखुरलेले. करारात रजेचा उल्लेख नसेल तर सुपरवायझर खाडा मांडतो, विद्यावेतन कापले जाते आणि मुलगा काम सोडतो. हे टाळायला दोन ओळी पुरतात: परीक्षेच्या दिवसाची आणि आदल्या दिवसाची रजा मान्य, परीक्षांचे वेळापत्रक महाविद्यालय कंपनीला ४५ दिवस आधी कळवील. दुसरी ओळ आपल्या हातात आहे. परीक्षेच्या आठ दिवस आधी वेळापत्रक बदलणारे परिपत्रक निघते तेव्हा वर्गातला मुलगा कसाबसा सांभाळून घेतो. शिफ्टला लावलेल्या मुलाला ते जमत नाही.

करार आणि पैसे यांकडे येऊ, कारण महाविद्यालयांना इथली माहिती फार तोकडी आहे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीच्या शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने सर्व गटांत सुमारे ३६ टक्के वाढीची शिफारस केली, तिच्यात पदवीची, म्हणजे सर्वांत वरची, पायरी १२,३०० होते. करार नोंदवण्याच्या दिवशी जो दर अधिसूचित असेल तो पाहून आकडा लिहा, मागच्या वर्षीच्या करारावरून उतरवू नका. शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण) योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग, म्हणजे ९,००० वर ४,५००, केंद्र सरकार देते आणि तो थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. म्हणजे विद्यार्थ्याला दोन ठिकाणांहून पैसे येतात. कंपनीचे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत यायला हवेत. सरकारचे कंपनीने योजनेच्या पोर्टलवर हजेरी भरल्यानंतर येतात. कंपनीतल्या कोणाकडून हजेरी भरायची राहिली की सरकारी हिस्सा अडतो आणि मूल कंपनीला शिव्या देते, कंपनी सरकारला. महिन्याच्या ५ तारखेला समन्वयकाने पोर्टल उघडून पाहिले तर ही तक्रार उद्भवत नाही.

दुसरी अडचण खात्याची. सरकारी हिस्सा आधार जोडलेल्या खात्यात जातो. ते खाते अनेकदा शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत उघडलेले असते. पासबुक हरवलेले, मोबाइल नंबर वडिलांचा जुना. विद्यार्थी नवे खाते फॉर्मवर लिहितो आणि पैसे जुन्या खात्यात पडून राहतात. तिसरी अडचण नावाची, आणि ही खास आपली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. गुणपत्रिकेवर आईचे नाव वेगळ्या रकान्यात, आधारवर नाहीच. लग्न झालेल्या मुलीचे आडनाव एका ठिकाणी बदललेले, दुसऱ्या ठिकाणी तसेच. नाव जुळले नाही की नोंदणी अडकते. ही दुरुस्ती करारावेळी करायला गेलात तर महिना जातो. तिसऱ्या सत्रातच एक दुपार लावून वर्गाच्या आधार, बँक आणि श्रेयांक खात्याची नावे जुळवून घ्या.

चौथी गोष्ट महत्त्वाची: करारावरची वर्गवारी. कौशल्य विकास मंत्रालयाची नॅप्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन) योजना वेगळी आहे. तिचे पोर्टल वेगळे आणि तिच्यातला सरकारी वाटा महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये. पदवीच्या मुलाला तिथे बारावी पास उमेदवार म्हणून दाखवले तर किमान विद्यावेतन ७,००० होते. काही कंपन्या नकळत, काही पुरत्या समजून असे करतात. करारावर 'पदवी शिकाऊ उमेदवार' हे शब्द आहेत का, अभ्यासक्रमाचे नाव विद्यापीठाच्या नोंदीशी जुळते का, हे समन्वयकाने सहीआधी वाचायचे. मध्यस्थ संस्था असेल तर तिचे शुल्क कंपनीने द्यायचे. विद्यार्थ्याकडून 'नोंदणी फी' घेणाऱ्या संस्थेला दारात उभे करू नका.

कायद्याची आणखी काही कलमे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावीत. विद्यावेतन नगावर ठरवता येत नाही आणि शिकाऊ उमेदवाराला उत्पादनाच्या बोनस योजनेत ओढता येत नाही (कलम १३). शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय ओव्हरटाइम नाही (कलम १५). कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची (कलम १६). तो कामगार नाही, शिकणारा आहे, म्हणून या अधिनियमात सांगितले आहे तेवढे सोडून कामगार कायदे त्याला लागू नाहीत (कलम १८), आणि करारात तशी अट नसेल तर करार संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नाही (कलम २२). शेवटचे दोन मुद्दे कडू आहेत. पण प्रवेशाच्या माहितीपत्रकात 'नोकरीची हमी' असे छापण्यापेक्षा ते सांगितलेले बरे. मुलींना हेही सांगा की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवाराचा समावेश आहे. कंपनीची तक्रार समिती त्यांचीही आहे.

९,००० रुपयांना महिन्याच्या २०८ तासांनी भागले तर तासाला ४३ रुपये पडतात. एवढ्या पैशात कंपनीला दोन हात मिळतात, मग शिकवायचे कशाला, हा विचार मनात येणारच. त्याला उत्तर कामाच्या आराखड्याचे आहे, उपदेशाचे नाही.

आराखडा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने. बी.एस्सी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी औषध कंपनीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत २६ आठवडे आहे. पहिले दोन आठवडे सुरक्षा आणि कार्यपद्धतीचे कागद. नोंद चुकली तर व्हाइटनर न लावता एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख, हे इथेच अंगवळणी पडते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात द्रावणे बनवणे, त्यांचे प्रमाणीकरण, तराजू आणि पीएच मीटरची रोजची तपासणी. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत अनुमापन, कार्ल फिशर पद्धतीने ओलाव्याचे प्रमाण मोजणे, कच्च्या मालाचे नमुने घेणे. सतराव्यापासून चोविसाव्यापर्यंत कोणाच्या तरी नजरेखाली एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र. शेवटचे दोन आठवडे अहवाल आणि तोंडी परीक्षा. असा कागद नसेल तर मुलगा सव्वीसही आठवडे काचसामान धुतो आणि लेबले चिकटवतो. काचसामान धुणे हेही काम आहे, ते आलेच पाहिजे, पण तिसऱ्या आठवड्यानंतर ते एकट्याचे राहू नये.

वही साधी ठेवा: तारीख, काम, वापरलेले यंत्र किंवा फॉर्म, काय चुकले, मार्गदर्शकाची सही. 'काय चुकले' हा रकाना रिकामा येत असेल तर वही महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरली आहे असे समजा. गुण तीन वेगळ्या माणसांनी द्यावेत: कंपनीतला मार्गदर्शक ४० टक्के, महाविद्यालयातला शिक्षक ३०, बाहेरचा परीक्षक प्रत्यक्ष काम करायला लावून ३०. मार्गदर्शकाला अधिकार दिला नाही तर तो मुलाकडे लक्ष देत नाही. सगळा दिला तर शंभरपैकी अठ्ठ्याण्णव येतात.

करार अर्ध्यावर मोडला तर काय, याची तरतूद आज बहुतेक अध्यादेशांत दिसत नाही. कंपनी ऑर्डरअभावी विभाग बंद करते, मुलगा आजारी पडतो. मोडायची कायदेशीर रीत म्हणजे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज. गेटपास काढून घेणे नव्हे. पण श्रेयांकांचा निर्णय आपला आहे. पूर्ण झालेल्या दर ३० तासांना एक श्रेयांक जमा व्हावा आणि उरलेल्यांसाठी प्रकल्प किंवा दुसरी आस्थापना हा मार्ग खुला असावा. 'सत्र अपूर्ण, पुन्हा प्रवेश' ही शिक्षा मुलाला दुसऱ्याच्या चुकीची होते.

तालुक्याच्या महाविद्यालयांचा आक्षेप असतो की आमच्याकडे चाकण नाही, वाळूज नाही, बुटीबोरी नाही, तशी औद्योगिक वसाहतच नाही. खरे आहे. पण कायदा फक्त मोठ्यांचा नाही. ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. चाळीस माणसांच्या दूध संघात एक ते सहा जागा होतात. सहकारी बँक, पतसंस्था, जिनिंग मिल, सीएचे कार्यालय, रुग्णालय, अवजारांचा डीलर अशा दहा ठिकाणांहून वीस जागा जमतात. जागा न भरल्याचा दंड २०१४ च्या दुरुस्तीने पहिले तीन महिने जागेमागे महिना ५०० रुपये, पुढे महिना १,००० रुपये ठरवला. जागा भरायचा कंपनीचा खर्च ४,५००. दंडाच्या धाकाने कोणी दार उघडणार नाही. मुलगा तिसऱ्या महिन्यात उपयोगी पडला तर पुढच्या वर्षी ते स्वतः फोन करतात.

दूरच्या कंपनीत पाठवायचे असेल तर राहण्याचे आधी पाहा. खोली, मेस आणि बसचा पास यांत विद्यावेतन संपते. सरकारी हिस्सा उशिरा आला तर दुसऱ्याच महिन्यात मूल गावी परतते. त्या सत्राची महाविद्यालयीन फी पूर्ण घ्यावी का, याचाही विचार व्हावा. प्रयोगशाळा न वापरणाऱ्याकडून प्रयोगशाळा शुल्क घेणे बरे दिसत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात नोकरी आणि उत्पन्नाच्या रकान्यात शिकाऊ उमेदवाराने काय लिहायचे, याचे एक स्पष्ट पत्र समाजकल्याण आणि उच्च शिक्षण विभागांकडून आपणच मिळवून द्यावे. प्रत्येक प्राचार्याने ते वेगळे मागवायचे म्हटले तर मुलांचे वर्ष जाते.

एक गल्लत टाळा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवीत चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, आहेच; ते १२० तासांचे असते आणि बहुधा विनामोबदला. ओळखीच्या दुकानातून शिक्का आणून ते उरकण्याची सवय आता मुरली आहे. 'कमवा आणि शिका' ही कर्मवीरांची परंपराही वेगळी: तिथे बागेतले किंवा ग्रंथालयातले काम शिक्षणाचा खर्च भागवते. इथे कामच अभ्यासक्रम आहे. तिन्हींचे फॉर्म, वह्या आणि समन्वयक वेगळे ठेवा, नाहीतर सगळ्यांना ओजेटीचाच रंग चढेल.

कंपन्या शिकाऊ उमेदवारांची संख्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरवतात. एप्रिलनंतर मागितलेली जागा पुढच्या वर्षी मिळते. म्हणून पुढील जूनच्या सत्रासाठी अभ्यास मंडळांनी आपापले सत्र आणि नमुना डिसेंबरपर्यंत कळवावा, विद्या परिषदेने जानेवारीच्या बैठकीत श्रेयांक, रजा आणि अर्धवट कराराचे नियम मंजूर करावेत, आणि परीक्षा मंडळाने त्या सत्राच्या तारखा फेब्रुवारीत छापाव्यात. मार्चमध्ये आम्ही त्या तारखा हातात घेऊन कंपन्यांच्या दारात जाऊ.

आपले,
महाविद्यालयांतील शिकाऊ उमेदवारी समन्वयक आणि आस्थापनांतील प्रशिक्षण अधिकारी